कच्चे लिंबू आणि अलेफ

गल्लीबोळांतल्या खेळांनी मराठीला जे शब्द दिले त्यांत ‘कच्चे लिंबू’ हा शब्द आम्हांस फार अर्थगर्भ वाटत आला आहे. थोरल्यांच्या खेळात धाकट्या भावंडाला घ्यायचे, कारण आईची तशी ताकीद असते. पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही. ते बाद झाले तरी बाद नाही, आणि त्याने कुणाला बाद केले तरी ते धरायचे नाही. ते पोर पळते, ओरडते, घामाघूम होते, मात्र खेळात नसते. माया आणि अवहेलना यांचे इतके बेमालूम मिश्रण दुसऱ्या एखाद्या शब्दात क्वचितच सापडेल. नवख्याला सामावून घ्यायचे आणि त्याच वेळी त्याला निरुपयोगी ठरवायचे, ही किमया या दोन शब्दांनी साधली आहे.

हा शब्द नव्याने आठवण्याचे निमित्त मात्र गल्लीतले नाही. ते अवकाशातले आहे, आणि तेही संगणकाच्या पडद्यावरील. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. वयाने चाळिशी ओलांडलेली, विद्या एम. ए. मराठी, आणि संगणकाशी संबंध प्रश्नपत्रिका टंकित करण्यापुरता. २०२०च्या टाळेबंदीत व्याख्याने घरातूनच द्यावी लागली. काळ्या चौकोनांकडे पाहत बोलण्याचा जो शीण येई तो आपल्यापैकी अनेकांच्या स्मरणात असेल. त्या दिवसांत आमचा एक माजी विद्यार्थी, जो आता संगणकक्षेत्रात नोकरी करतो, आम्हांला म्हणाला, “सर, पलीकडे माणसे आहेत याची खात्री पटवणारे काही हवे असेल तर हा खेळ शिका. पण आधी धडे घ्यावे लागतील. धड्यांवाचून तो खेळताच येत नाही.” खेळासाठी शिकवणी लावावी लागते हे ऐकून आमच्यातला अध्यापक जागा झाला. खेळाडू जागा व्हायला आणखी काही आठवडे गेले.

खेळाचे नाव ‘अलीजन्स’. संगणकावर अवकाशयुद्ध खेळण्याची हौस संगणकाइतकी नाही तरी बरीच जुनी आहे. १९६२ साली अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत पीडीपी-१ या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ नावाचा खेळ तयार झाला. त्यात दोन माणसे, दोन जहाजे आणि मध्ये ओढून घेणारा एक तारा एवढाच संसार होता. ‘अलीजन्स’ मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागाने घडवला आणि तो २००० साली बाजारात आला. येथे दोन किंवा अधिक संघ असतात व प्रत्येक संघात अनेक माणसे असतात. प्रत्येक जण आपापल्या जहाजात बसून ते स्वतः चालवतो; संघातील एक जण कमांडर होतो व नकाशावरून सारे रणांगण पाहतो. खाणजहाजे लघुग्रहांतून हेलियम-३ गोळा करून आणतात, त्याचा पैसा होतो, पैशातून नवे तळ आणि नवी जहाजे येतात. शत्रूचे तळ उद्ध्वस्त करावेत किंवा ताब्यात घ्यावेत, असा एकूण मामला. वर्णन ऐकून हा पोरखेळ वाटेल. आम्हांलाही तो तसा वाटावा अशीच आमची वाङ्मयीन जडणघडण आहे. परंतु धडे सुरू झाले आणि ध्यानात आले, की येथे शिकवण्याविषयी कुणीतरी फार कसून विचार केलेला आहे.

पहिला धडा उडण्याचा. वळले की वाहन वळते हा जमिनीवरचा संस्कार आहे, बैलगाडीपासून एस.टी.पर्यंत सर्वांनी तो आपल्यावर केलेला. येथे जहाजाचे नाक वळवले तरी जहाज काही काळ आधीच्या दिशेनेच वाहत राहते. तोंड एकीकडे आणि गती दुसरीकडे. हे साधायला वेळ लागतो, आणि साधले म्हणजे एक निराळाच लाभ होतो: मागे वळून पाहत पुढे जाता येते. पाठलाग करणाऱ्याकडे तोंड करून, त्याच्यावर गोळ्या झाडत, आपल्याच पूर्वगतीने निसटता येते. वाङ्मयेतिहास शिकवणाऱ्यांना हे उड्डाण परके वाटण्याचे कारण नाही.

दुसरा धडा नकाशाचा. रणांगण सलग नाही. त्याचे अनेक विभाग आहेत आणि एका विभागातून दुसऱ्यात जायला ठरावीक दारे आहेत. या दारांना खेळात ‘अलेफ’ म्हणतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला येथे थबकणे भागच आहे. बोर्हेसची त्याच नावाची कथा १९४५ साली प्रसिद्ध झाली. ब्वेनोस आयरेसमधील एका घराच्या तळघरात एक बिंदू आहे आणि त्यात विश्वातील सारी स्थळे एकाच वेळी, एकमेकांत न मिसळता दिसतात, अशी तिची कल्पना. गणितात कान्टोरने अनंतांची प्रत दाखवण्यासाठी हेच अक्षर योजले. आणि मुळात अलेफ म्हणजे हिब्रू वर्णमालेतील पहिले अक्षर, अरबी-फारसीतल्या ‘अलिफ’चा सख्खा भाऊ. म्हणजे धुळाक्षरांतले पहिले अक्षर हेच एका जगातून दुसऱ्या जगात जाण्याचे दार. ‘ओनामा’ गिरवून पाटीवर बसलेल्या पिढ्यांना याहून अधिक काय सांगावे?

दाराचा व्यवहारातला अर्थ मात्र काव्यमय नाही. सर्वांना तेथूनच जावे लागते. म्हणून शत्रू तेथेच दबा धरून बसतो आणि तेथेच सुरुंग पेरतो. ज्याला दारे कळली त्याला युद्ध कळले. नवख्याला म्हणून आधी नकाशा वाचायला लावतात, नेम धरायला नंतर शिकवतात.

खरी गंमत तिसऱ्या धड्यापासून आहे. नवख्याची सहज इच्छा लढाऊ जहाज घेऊन शत्रूवर तुटून पडण्याची असते. धडे त्याला ते करू देत नाहीत. त्याच्या हाती ‘स्काउट’ देतात. हे टेहळणीचे जहाज चपळ असते, पण त्याचे अंग नाजूक आणि शस्त्र यथातथाच. या जहाजाची कामे दोन. एक म्हणजे पाहणे. स्काउटला जे दिसते ते त्याच क्षणी साऱ्या संघाच्या नकाशावर उमटते. तो मोक्याच्या जागी प्रोब नावाची छोटी टेहळणी यंत्रे सोडतो आणि स्वतः निघून गेला तरी ती त्याच्या माघारी पाहत राहतात. शत्रूचे खाणजहाज कोठे आहे, नवा तळ कोणत्या खडकावर उभा राहतो आहे, कोणत्या दारातून काय येते आहे, हे कमांडरला कळते ते स्काउटच्या डोळ्यांनी. पाहणारा कुणी नसेल तर उत्तमोत्तम योद्ध्यांचा संघही आंधळा.

दुसरे काम डागडुजीचे. स्काउटजवळ एक बंदूक असते आणि तिचे वैशिष्ट्य असे, की ती स्वपक्षाच्या जहाजावर झाडायची. तिच्या माऱ्याने जखमी जहाज मोडत नाही, दुरुस्त होते. शत्रूचा तळ फोडायला ‘बॉम्बर’ लागतो. तो अवजड आणि मंद. त्याच्या बुरुजांवर दुसरे खेळाडू तोफा धरून बसतात, शत्रूची चपळ जहाजे सर्व बाजूंनी त्याला टोचत राहतात, आणि त्याच्या मागे चिकटून दोनतीन स्काउट त्याला सतत सांधत असतात. मोडण्याचा वेग आणि सांधण्याचा वेग यांतील ही शर्यत आहे. बॉम्बर तळापर्यंत पोचला तर तो बहुधा त्या सांधणाऱ्यांमुळेच पोचलेला असतो.

एका रविवारी सकाळी (आम्हांला शिकवणाऱ्या गृहस्थांची तेव्हा शनिवारची रात्र होती) आम्ही दोघे अशा एका मोहिमेत होतो. एक जण बुरुजावर, दुसरा स्काउटमध्ये मागे. शेवटच्या काही सेकंदांत बॉम्बरचे कवच अगदी कडेला आले, पुन्हा भरले, पुन्हा कडेला आले. आणि समोरचा तळ फुटला. नंतर गुणतक्ता पाहिला तर शत्रूचे एकही जहाज आमच्या नावावर नव्हते. आमच्या गुरूंनी ते पाहिले असावे. त्यांनी आम्हांला टंकून कळवले ते एवढेच, की हा तक्ता पाहायची सवय लावून घेऊ नका, त्यात जे लिहिता येते तेवढेच लिहिलेले असते. पुनर्मूल्यांकन, श्रेयांक आणि वार्षिक कामगिरीचे तक्ते भरण्यात ज्यांचे आयुष्य चालले आहे त्यांना हे वाक्य किती काळ पुरले असेल, हे वाचकांनी आपापल्या अनुभवावरून ठरवावे.

पुढचा धडा दिसण्याचा आणि न दिसण्याचा. प्रत्येक जहाज किती लांबून दिसावे याला एक माप आहे. गोळ्या झाडल्या की ते वाढते, वेगाचा अतिरिक्त झोत सोडला की वाढते. जो गाजतो तो दिसतो आणि जो दिसतो तो मारला जातो. लपून पाहणाऱ्याने गप्प राहायचे, हाताशी सावज आले तरी बंदूक आवरायची, कारण त्याची एक गोळी संघाचा एक डोळा फोडते. नवख्याला हा संयम फार जड जातो असे आमचे गुरू म्हणाले. आमच्या मते तो नवख्यांपुरता मर्यादित नाही.

बोलण्याचाही धडा आहे. लढाईत वाक्ये टंकायला वेळ नसतो; म्हणून दोनतीन कळा दाबल्या की ठरीव, ध्वनिमुद्रित उद्गार साऱ्या संघाला ऐकू जातात. मदत हवी, येथे शत्रू, मी बचावाला, मला सांधा, शाबास: सारा व्यवहार असल्या मोजक्या सूत्रांत. प्रथम ही भाषा आम्हांला दरिद्री वाटली. पण ‘मला सांधा’ हा एकच उद्गार कुणी कोणत्या क्षणी काढला, त्याआधी किती वेळ तो गप्प होता, एकदा म्हणून थांबला की तीनदा म्हणाला, यावरून माणूस ओळखू येऊ लागला. शब्दांची संख्या कमी झाली म्हणजे अर्थाचा भार प्रसंगावर पडतो, हे आपण वर्गात सूत्रवाङ्मय शिकवताना सांगतोच. येथे ते कानांनी ऐकले.

आणि आज्ञेचा धडा. कमांडर कुणालाही आज्ञा देऊ शकतो, मात्र ती पडद्यावर येते ती स्वीकारावी वा नाकारावी अशा रूपात. कुणाचेही जहाज तो स्वतः चालवू शकत नाही. त्याच्यापाशी पैसा आहे, नकाशा आहे, योजना आहे. तिला हातपाय मिळतात ते इतरांनी ती मानली तर. शरणागती पत्करायची तर तीही संघाच्या मतदानाने. त्यामुळे चांगला कमांडर अखंड समजावत असतो. अमुक ठिकाणी जा एवढेच तो सांगत नाही, का जायचे तेही सांगतो. नवख्याला तर तो अधिकच सांगतो, कारण ज्याला कारण कळले नाही तो अर्ध्या वाटेत दुसरीकडे वळतो.

जहाज फुटले की खेळाडू मरत नाही. एका चिमुकल्या पॉडमध्ये तो अवकाशात तरंगत राहतो. रांगत रांगत तळ गाठावा, किंवा कुणा सवंगड्याने वाट वाकडी करून उचलून न्यावे. हुतूतूच्या ‘संजीवनी’ प्रकारात मेलेला गडी सोबत्याच्या पराक्रमाने जिवंत होतो, त्याची आठवण झाली. फरक एवढाच, की येथे पराक्रम लागत नाही, आठवण लागते. कुणीतरी तरंगते आहे हे लक्षात ठेवणारा एक माणूस पुरतो.

हे सारे धडे देते कोण? या प्रश्नाच्या उत्तरानेच आम्हांला लिहिते केले. खेळ बाजारात चालला नाही. शिकायला अवघड, आणि एकट्यादुकट्याने खेळता न येणारा. काही वर्षांतच कंपनीने त्याच्यातून अंग काढून घेतले. २००४ साली संशोधन विभागाने त्याची मूळ संहिता (संगणकाची, पण शब्द आपलाच) लोकांसाठी खुली केली आणि खेळाडूंनीच ती हाती घेतली. त्यांनी आपले सर्व्हर चालवले, चुका दुरुस्त केल्या, नवे पक्ष आणि नवी जहाजे घडवली. २०१७ साली ती अधिक मुक्त परवान्याखाली आली व त्याच वर्षी खेळ ‘स्टीम’ या वितरणव्यवस्थेवर मोफत मिळू लागला. मालकाने टाकलेला खेळ त्याच्या रसिकांनी इतकी वर्षे तगवला. आणि तगवण्याच्या कामात संहिता दुरुस्त करण्याइतकेच मोलाचे काम होते नवख्याला शिकवण्याचे. दहाबारा जुनेजाणते उरले तर या खेळाची लढाई उभी राहत नाही. नवा माणूस आला नाही, किंवा आला आणि पहिल्या संध्याकाळी अपमानित होऊन परतला, तर जाणत्याचे वीस वर्षांचे कौशल्य रविवारी रिकाम्या अवकाशात तरंगत बसणार. म्हणून रात्र जागून, बिनपगारी, तेच तेच धडे पुन्हा पुन्हा देणारी माणसे तेथे निर्माण झाली.

येथे भाबडेपणा नको. तेथेही नवख्यावर खेकसणारे होते, आपल्या काळी खेळ कसा रंगत असे याचे रडगाणे गाणारे होते. ते सूर आम्हांला प्राध्यापकांच्या विश्रामकक्षामुळे परिचयाचे वाटले. शिवाय हा युद्धाचा खेळ आहे, आणि युद्धाला खेळाचा साज चढवण्याबद्दलचा आक्षेप आम्ही गंभीर मानतो. हुइझिंगा या डच इतिहासकाराने १९३८च्या ‘होमो लुडेन्स’ या ग्रंथात खेळाला त्याचे स्वतःचे, व्यवहारापासून वेगळे काढलेले वर्तुळ असते असे मांडले. त्या वर्तुळात आजचा शत्रू पुढच्याच डावात आपल्या बॉम्बरला सांधत असतो, आणि आपल्याला शिकवणारा अनेकदा समोरच्या संघातला असतो. खऱ्या युद्धात हे घडत नाही. या भेदाने आक्षेप संपत नाही. तो कोठे लागू पडतो एवढे मात्र स्पष्ट होते.

आता आमच्या वर्गाकडे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गांची पटसंख्या हा अध्यापकांच्या गप्पांतला नित्याचा शोकविषय आहे, आणि आमच्या वर्गातली मोकळी बाके त्याला दुजोराच देतात. टाकला गेलेला खेळ आणि ओस पडत चाललेला वर्ग यांची तुलना आम्ही ताणणार नाही. भाषा हा खेळ नव्हे आणि तिचे धनी कोट्यवधी आहेत. पण एक प्रश्न टाळता येत नाही. आपल्या अभ्यासक्षेत्रात नवख्याला काम कोणते? पहिल्या वर्षाचा विद्यार्थी रसग्रहण लिहितो, ते तपासून गुण मिळतात, आणि उत्तरपत्रिकांचा गठ्ठा रद्दीत जातो. ते लिहिले नसते तर मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात कोणाचे काय अडले असते? तो बाद झाला तरी बाद नाही, आणि त्याने काही पकडले तरी ते धरले जात नाही. सराव हवाच, त्याविषयी वाद नाही. परंतु अवकाशातल्या त्या शाळेने सराव आणि काम वेगळे ठेवले नाहीत. नवख्याला जमेल असे, आणि तरीही न झाल्यास सर्वांचे अडेल असे काम तिने शोधून काढले: पाहणे आणि सांधणे. ते काम हलके म्हणून त्याला दिलेले नाही. जाणत्यांनीही ते करावे इतके ते मूलभूत आहे, आणि म्हणूनच त्यापासून सुरुवात.

आपल्याकडे अशी कामे नाहीत असे नाही. प्रत्येक तालुक्याच्या वाचनालयात कपाटे भरून अंक पडले आहेत आणि त्यांत काय आहे ते कुणाच्याही नकाशावर नाही. ‘मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला, त्याला शतक उलटून गेले, या प्रचंड उत्पादनातील किती भाग सूचीबद्ध झाला आहे? प्रत्येक गावात अवजारांची, पिकांची, नात्यांची अशी नावे आहेत जी विद्यार्थ्याच्या आजीला येतात आणि आमच्या कोशात नाहीत. झिजलेली पाने, चुकीची छापलेली कडवी, हरवलेले लेखकनाम. येथे डोळ्यांची गरज आहे आणि सांधणाऱ्या हातांचीही. आणि अठरा वर्षांच्या मुलाला ही दोन्ही कामे येतात, त्यासाठी त्याने आधी मीमांसा पचवण्याची आवश्यकता नाही. मीमांसेची भूक त्याला कामातूनच लागते.

महाविद्यालये पुन्हा उघडली तेव्हा आम्ही प्रथम वर्षाच्या अकरा मुलामुलींना गावातील सार्वजनिक वाचनालयाच्या एका कपाटापाशी नेले आणि त्यातील दिवाळी अंकांची सूची करायला सांगितली. कथा, कविता, लेख, लेखकाचे नाव, पृष्ठ. का करायची तेही सांगितले. दोघे सोडून गेले, नऊ राहिले. सूची अजून अपुरी आहे. एका मुलीने दोन टोपणनावे एकाच लेखकाची असावीत असा तर्क मांडला आहे आणि तिच्याशी वाद घालताना आम्हांला पुस्तके काढावी लागत आहेत. मध्यंतरी शेजारच्या जिल्ह्यातील एक संशोधक त्याच वाचनालयात आल्या होत्या. ग्रंथपालांनी त्यांच्यापुढे ती हस्तलिखित वही ठेवली. त्यांना हवी असलेली कथा तिच्यावरून पाच मिनिटांत सापडली. ही हकीकत आम्ही वर्गात सांगितली तेव्हा त्या नऊ जणांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांच्यापैकी कोणत्या एकाने ती नोंद केली होती, हे वहीत लिहिलेले नाही.